जास्त किलोमीटर चाललेला जुना ट्रेलर घ्यावा की सोडावा, हे कसं ठरवायचं

मीटरवर ८ लाख किलोमीटर दिसले की घेणारा एक तर लगेच मागे फिरतो, नाही तर भाव पाडायला मुद्दा मिळाला म्हणून सौदा उरकतो. दोन्ही घाईच. तेच ८ लाख चौपदरी हायवेवर हलके कंटेनर ओढत, वेळेवर ऑइल बदलत झाले असतील तर त्या गाडीत अजून बरीच वर्षं बाकी असतात. दुसरी गाडी ४ लाखच चाललेली असेल, पण जालन्याहून दर खेपेला ८-१० टन जादा सळई भरून निघत असेल, तर तिचं चासिस, हाउसिंग आणि हब आतून थकलेले असतात. मीटरवर ते कुठंच दिसत नाही.

म्हणून किलोमीटरचा आकडा थोडा बाजूला ठेवा. गाडी कोणत्या मालाखाली आणि कोणत्या रस्त्यावर चालली, पुढच्या बारा महिन्यांत ती तुमच्याकडून किती पैसे काढणार, आणि तेवढे पैसे गाडी घेतल्यावर तुमच्या हातात उरतात का, हे काढायचं. त्यासाठी एक पूर्ण दिवस आणि ज्याचं विकणाऱ्याशी काही देणंघेणं नाही असा मिस्त्री हवा. सोबत टॉर्च, हातोडी, वायर ब्रश, मजबूत दोरा, मोजपट्टी, व्हर्नियर आणि हवा तपासायचा गेज घ्या. लांबून तापमान दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर हजार-दीड हजारात मिळतो, तोही घ्या.

काम आधी, गाडी नंतर

मराठवाड्यात ट्रेलरला काम आहे, पण प्रत्येक कामाचा ट्रेलर वेगळा. न्हावा शेव्याहून जालन्याच्या स्टील कारखान्यांसाठी भंगाराचे कंटेनर येतात, वाळूज-शेंद्र्याहून तयार माल बंदराकडे जातो. त्याला ट्विस्ट लॉकचा (कंटेनरचे कोपरे अडकवणाऱ्या खिट्ट्यांचा), ४० फुटी कंटेनर बसणारा ट्रेलर लागतो. सळईला सपाट आणि मजबूत बीमचा ट्रेलर लागतो. स्वस्त मिळाला म्हणून सपाट ट्रेलर घेऊन नंतर त्यावर ट्विस्ट लॉक वेल्ड करायचे, असा बेत करू नका. लॉकच्या खाली आडवा बीम नसेल तर कंटेनरचं वजन पत्र्यावर येतं.

मग वजन. जुलै २०१८ मध्ये एक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढली. सहा चाकी हॉर्स (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) आणि तीन एक्सलचा ट्रेलर असेल तर सकल वजन ४५.५ टन, दहा चाकी हॉर्स आणि तीन एक्सल असतील तर ५५ टन. त्याआधी हे आकडे ४०.२ आणि ४९ होते. त्यामुळे जुन्या गाडीच्या आरसीवर नेमकं किती लिहिलंय ते स्वतः वाचा. एजंट तोंडाने ४५ टन म्हणेल आणि आरसीवर ४०,२०० किलो निघेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. तुमचा हिशेब आरसीवरच्या वजनावर बसत नसेल तर ती गाडी तुमच्या कामाची नाही.

टाटाच्या ४०१८ या नावात ४० म्हणजे टन आणि १८ म्हणजे १८० एचपी. ५५३० म्हणजे ५५ टन, ३०० एचपी. १८० एचपीची हॉर्स सपाटीवर माल ओढते, पण घाटात भरलेली असताना पहिल्या-दुसऱ्या गियरमध्येच रांगते, क्लच आणि इंजिन दोन्ही तापतात. तुमचा मार्ग लातूर-नांदेड-हैदराबाद असा सपाटीचा असेल तर ती चालेल. रोज कोकणात उतरायचं असेल तर घेऊ नका.

बीएस म्हणजे धुराच्या प्रदूषणाची सरकारी मर्यादा. बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून आली, बीएस-६ १ एप्रिल २०२० पासून. बीएस-३ गाडी सोपी, गावातला मिस्त्रीही उघडतो, पण तिचं वय आता नॅशनल परमिटच्या आड येतं. मल्टी-एक्सल गाडीला हे परमिट १५ वर्षांपर्यंतच मिळतं. गाडी १२ वर्षांची असेल तर तुमच्या हातात परराज्यात फिरायची तीनच वर्षं उरतात, किंमत तशीच धरा. दिल्लीकडचा माल करायचा असेल तर बीएस-६ शिवाय दुसरा विचार करू नका.

गाडी बघायला जाण्याआधी कागद

फोनवरच गाडीचा नंबर आणि चासिस नंबरचे शेवटचे आकडे मागा. वाहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर मालकाचं नाव, कितवा मालक, बोजा कोणाचा, फिटनेस, टॅक्स, विमा आणि परमिट कधीपर्यंत आहे ते दिसतं. ई-चलान वेगळं तपासा. विकणारा ‘सिंगल हँड गाडी’ म्हणत असेल आणि पोर्टलवर तिसरा मालक दिसत असेल, तर पुढच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा ते तिथंच कळतं.

नांदेड, उदगीर, देगलूर भागात तेलंगण आणि कर्नाटक पासिंगच्या गाड्या विकायला येतात, नागालँड पासिंगच्याही. स्वस्त वाटतात. पण महाराष्ट्रात नाव करायचं तर मूळ आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ लागतो, इथला टॅक्स भरावा लागतो आणि त्यात जे दिवस जातात त्यात गाडी उभी राहते. एनओसी हातात असल्याशिवाय बयाणा देऊ नका.

ट्रेलरला विसरू नका. त्याचा चासिस नंबर वेगळा असतो. हॉर्सचे कागद चोख आणि ट्रेलर भलत्याच गाडीचा, असं प्रकरण फिटनेसच्या दिवशी उघडं पडतं. दोन्ही नंबर लोखंडावर कोरलेले स्वतः बघा. ब्रशने घासा, पेन्सिलीने कागदावर छाप घ्या. नंबरच्या भोवती ग्राइंडरच्या खुणा, नवा रंग किंवा एखादा आकडा इतरांपेक्षा खोल दिसला की तिथून निघा. त्यात भाव करण्यासारखं काही उरत नाही.

आठ वर्षांपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी, त्यानंतर दर वर्षी करावा लागतो. फिटनेसला दोन महिने उरलेली गाडी आणि दहा महिने उरलेली गाडी यांची किंमत एक नसते.

मीटर खरं बोलतंय का

मीटर मागे फिरवणं अवघड राहिलेलं नाही. पण गाडी इतर ठिकाणीही आपला हिशेब ठेवते. सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे फास्टॅगचं १२ महिन्यांचं स्टेटमेंट. विकणाऱ्याला ते त्याच्या ॲपमधून दोन मिनिटांत काढता येतं. कोणता टोल, कोणत्या तारखेला, किती वेळा, हे त्यात असतं. त्यावरून गाडीचा मार्ग कळतो आणि महिन्याचं रनिंगही. महिन्याला ७-८ हजार किलोमीटरच्या खेपा दिसत असतील, गाडी ९ वर्षांची असेल आणि मीटर ३ लाख ९० हजार दाखवत असेल, तर हिशेब जुळत नाही. स्टेटमेंट द्यायला टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच आहे.

दुसरी गोष्ट इंजिनाचे तास. कॉमन रेल इंजिनाला स्कॅनर लावला की ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, एकूण तास दिसतात. किलोमीटर भागिले तास करा. हायवेच्या ट्रेलरचा सरासरी वेग साधारण ३० ते ४० येतो: ७,००,००० किलोमीटर आणि २०,००० तास म्हणजे ३५, हे पटतं. ४,००,००० किलोमीटर आणि २०,००० तास म्हणजे २०. अशा गाडीचं एक तर मीटर फिरलंय, नाही तर ती साइटवर आणि कारखान्याच्या रांगेत तासन्‌तास चालू उभी राहिली आहे. दोन्हीत इंजिन मीटरपेक्षा जास्त झिजलेलं असतं.

थंड इंजिन

विकणाऱ्याला आधी सांगून ठेवा की गाडी सकाळी, रात्रभर बंद असताना बघायची आहे. पोचल्यावर पहिलं काम ब्लॉकला हात लावणं. कोमट लागला तर तुम्ही येण्याआधी गाडी सुरू केली होती, म्हणजे इंजिन थंड असताना सुरू होण्यात काहीतरी लपवायचं आहे. चहा घ्या, दुसऱ्या दिवशी या.

चालू करण्याआधी रेडिएटरचं झाकण उघडा, फक्त थंड असतानाच. आत हिरवं किंवा गुलाबी कूलंट हवं. गढूळ, गंजाचं पाणी असेल तर गाडी बोअरच्या पाण्यावर चालवली आहे. मराठवाड्यात हे फार होतं. बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत आणि ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांत बसतात, एप्रिल-मे मध्ये ४२-४३ अंशांत भरलेली गाडी गरम व्हायला लागते आणि हेड गॅस्केट जातं. वेट लायनरच्या (सिलिंडरच्या नळीला बाहेरून थेट पाणी लागतं अशा) इंजिनात कूलंटशिवायच्या पाण्याने लायनरला बाहेरून बारीक खड्डे पडतात आणि ते एक दिवस आरपार होतात. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, किंवा ऑइलच्या झाकणाखाली खव्यासारखा पांढरट थर दिसला, तर पाणी आणि ऑइल एकमेकांत जातंय.

मग एअर फिल्टर. फिल्टर नवा आहे की जुना हे महत्त्वाचं नाही, तो कालही बदललेला असू शकतो. फिल्टरच्या पुढचा, टर्बोकडे जाणारा पाइप सोडवा आणि आत बोट फिरवा. बोटाला बारीक मातीचा थर लागला तर त्या इंजिनाने धूळ खाल्ली आहे. गिरणी, जिनिंग आणि खडीकरणाच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत फिल्टर नीट न बसल्याने किंवा पाइप चिरल्याने असं होतं. धुळीने रिंगा आणि लायनर काही हजार किलोमीटरमध्ये घासले जातात. मीटर कमी असलं तरी असं इंजिन म्हातारं झालेलं असतं. पाइप हातात असताना टर्बोचा शाफ्ट बोटांनी हलवा. वर-खाली किंचित हलणं चालतं, पुढे-मागे हलायला नको, आणि पंख घराला टेकायला तर मुळीच नको.

आता चालू करा. निरोगी इंजिन दोन-तीन सेकंदांत सुरू होतं. सुरुवातीचा पांढरट धूर मिनिट-दोन मिनिटांत जायला हवा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला आणि त्याला कूलंटचा गोडसर वास आला तर पाणी आत जातंय, काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. इंजिन पाच-दहा मिनिटं चालल्यावर ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवा. ते किंचित थरथरलं तर ठीक. उडून पडलं किंवा तोंडातून धुराचे भपके यायला लागले, तर रिंगांमधून दाब खाली येतोय. ब्रीदर पाइपच्या टोकाखाली पुठ्ठा ठेवला तर ऑइलचे थेंबही दिसतात.

ऑइल प्रेशर गरम इंजिनावर बघा, थंड असताना सगळ्यांचं चांगलंच दिसतं. कमिन्सच्या बी सीरीजला गरम असताना आयडलिंगला किमान ०.७ बार आणि पूर्ण फेऱ्यांवर किमान २ बार हवं. दुसऱ्या कंपनीचं इंजिन असेल तर तिचा आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तकातून घ्या. या किमान आकड्याच्या जवळ आलेली गाडी म्हणजे बेअरिंग संपत आलेली गाडी, आणि बेअरिंगनंतर क्रँकची पाळी असते.

विकणारा तयार असेल तर एक नवा ऑइल फिल्टर तुमच्या पैशाने बसवा आणि जुना हॅक्सॉने उभा कापा. आतला कागद पसरून उन्हात धरा. काळी काजळी असणारच. पण चांदीसारखे चमचमते किंवा तांबूस कण दिसले तर ते बेअरिंगचे आहेत. पाचशे-हजार रुपयांत होणारी ही तपासणी लाखांचा निर्णय सोपा करते. विकणारा याला कशासाठीही नाही म्हणत असेल तर नाही म्हणण्याचं कारण विचारा.

बीएस-४ च्या एससीआर गाड्या (ज्यांत धूर साफ करायला युरियाचं द्रावण फवारलं जातं) आणि सगळ्या बीएस-६ जड गाड्यांत डीईएफ म्हणजे हे द्रावण लागतं, ड्रायव्हर लोक त्याला युरियाच म्हणतात. चावी फिरवल्यावर इंजिनचा इशारा दिवा क्षणभर लागून विझायला हवा. अजिबात लागतच नसेल तर तो काढून टाकलाय किंवा झाकलाय. काही गाड्यांना युरिया बायपास करणारा डबा बसवलेला असतो. ओळख सोपी: डीईएफची बिलं मागा. १०० लिटर डिझेलमागे साधारण ३ ते ५ लिटर डीईएफ जायला हवं. वर्षभराची डिझेलची बिलं आहेत आणि डीईएफचं एकही नाही, तर बायपास आहे. तो काढून मूळ पद्धत परत चालू करायची म्हणजे नॉक्स सेन्सर, डोझिंग पंप, बीएस-६ मध्ये डीपीएफ म्हणजे काजळीचा फिल्टर, असा खर्च वाढत जातो. कंपनीच्या वर्कशॉपमधून लेखी अंदाज घेतल्याशिवाय असा सौदा करू नका.

चासिस आणि ट्रेलर: इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

इंजिन खोलून नवं करता येतं, गियरबॉक्स बदलता येतो. वाकलेलं चासिस सरळ होत नाही. म्हणून आमचा कल असा आहे की इंजिन थकलेलं पण चासिस सरळ असलेली गाडी योग्य भावात घ्यावी, आणि इंजिन चकाचक पण चासिस वेल्ड केलेली गाडी कोणत्याही भावात घेऊ नये.

खाली झोपून टॉर्चने बघा. धुतलेली, काळा रंग मारलेली गाडी नको, मळलेली चांगली. मळावर भेगा स्वतः रेघ ओढून दाखवतात. रिबिटच्या भोवतीने तांबूस गंजाची भुकटी ओघळलेली असेल तर तो जोड आतून हलतोय. हातोडीने हलकं ठोका, घट्ट रिबिट टणक आवाज देतो, सैल रिबिट बोदा. केबिनच्या मागचा आडवा मेंबर, पाट्यांचे हँगर आणि फिफ्थ व्हीलचे (हॉर्सवरच्या, ट्रेलर अडकवायच्या गोल पाटाचे) ब्रॅकेट या जागा आधी बघा. चासिसच्या चॅनलच्या खालच्या पट्टीवर वेल्डिंग असेल तर थांबा. तिथं ताण सगळ्यात जास्त असतो, वेल्डच्या उष्णतेने बाजूचं पोलाद कमजोर होतं आणि पुढची भेग वेल्डच्या कडेलाच फुटते. आतून जादा पट्टी मारलेली असेल तर ती का मारली हे विचारा. ओव्हरलोडसाठी मारली असेल तर गाडीचं आयुष्य कसं गेलं ते कळलंच.

अपघाताची खूण मापात सापडते. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. फरक १० मिमीच्या पुढे गेला तर एक्सल सरकलाय किंवा चासिस तिरकं झालंय. नंतर धुळीच्या रस्त्यावर गाडी सरळ चालवून मागून ठसे बघा. गाडी तिरकी चालत असेल तर पुढच्या आणि मागच्या चाकांचे ठसे एका बाजूला सरकलेले दिसतात.

ट्रेलरसाठी दोरा काढा. रिकामा ट्रेलर सपाट जमिनीवर उभा करा. मुख्य बीमच्या पुढच्या टोकापासून शेवटापर्यंत दोरा ताणून बांधा. बहुतेक सपाट ट्रेलर बनवतानाच मध्ये किंचित वर उचललेले असतात, म्हणजे माल भरल्यावर बीम सरळ होतो. दोऱ्यापेक्षा मधला भाग खाली गेलेला दिसला तर बीम कायमचा वाकलाय. जड कॉइल किंवा मशीन मधोमध ठेवून नेल्याने असं होतं, कारण सगळं वजन दोन-तीन फुटांवर येतं. दोरा दोन्ही बीमना लावा. एक सरळ आणि एक वाकलेला असेल तर ट्रेलर पिळलाय. शेताच्या कडेला, कारखान्याच्या यार्डात, पावसाळ्यात काळ्या मातीत एक बाजू रुतलेल्या भरल्या ट्रेलरला ओढून काढलं की हा पीळ बसतो, आणि मग कितीही अलाइनमेंट करा, टायर खात राहतो.

हॉर्स सोडवून किंगपिन, म्हणजे फिफ्थ व्हीलमध्ये अडकणारी ट्रेलरची पिन, पुसा आणि व्हर्नियरने मोजा. २ इंची किंगपिन नवी असताना ५०.८ मिमी असते, ४९ च्या खाली गेली की बदलायची. ती एका बाजूने जास्त झिजली का, हेही वेगवेगळ्या दिशांनी मोजून बघा. फिफ्थ व्हीलच्या पाटावर ग्रीस हवं. कोरडा, खरवडलेला पाट म्हणजे गाडीला कोणी हात लावत नव्हतं. जोडल्यावर ट्रेलरचे ब्रेक लावा, हॉर्स हळूच पुढे-मागे करा आणि बाजूला उभं राहून जोड बघा. खडक्‌ आवाजासकट हालचाल दिसली तर जबडा किंवा पिन झिजली आहे.

पाटे, शॅकल, बुश, यू बोल्ट, इक्वलायझर यांचा खर्च ठरावीक असतो. बघा, लिहून घ्या, पुढे चला. पुढचा एक्सल मात्र जॅकवर उचला, चाक वर-खाली धरून हलवा. खेळ आला तर एक्सलची किंग पिन (ही ट्रेलरच्या किंगपिनपेक्षा वेगळी, यावर पुढचं चाक वळतं) किंवा हबचं बेअरिंग. कोणीतरी ब्रेक दाबून धरल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंग पिन.

हवा, ब्रेक, टायर

टाकी ८ बारच्या आसपास भरू द्या आणि इंजिन बंद करा. ट्रेलर जोडलेला असताना ब्रेक न दाबता मिनिटाला ०.२ बारपेक्षा जास्त हवा उतरली तर गळती आहे. ब्रेक दाबून धरल्यावर ०.३ च्या आत राहायला हवी. साबणाच्या पाण्याने कप्लिंग आणि होसेस तपासा. गळती बहुतेक स्वस्तात निघते. टाकीच्या खालच्या ड्रेनमधून तेलकट चिखल आला तर कॉम्प्रेसर ऑइल फेकतोय, तो स्वस्त नाही.

टायर हा मोठा पैसा आहे. दहा चाकी हॉर्स आणि तीन एक्सल म्हणजे २२ टायर, शिवाय स्टेपनी. चांगला रेडियल २०-२५ हजारांना धरा. म्हणजे निम्मे टायर संपलेले असले तर अडीच लाख तिथंच गेले. प्रत्येक टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. कट्ट खोल असला तरी सहा-सात वर्षांचा टायर उन्हाळ्यात समृद्धीच्या काँक्रीटवर भरलेल्या गाडीखाली टिकेल असं धरू नका. पुढच्या एक्सलला रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेला टायर) असेल तर तो लगेच बदलायच्या यादीत लिहा. ट्रेलरच्या एकाच एक्सलचे टायर आतून किंवा बाहेरून खाल्लेले दिसले तर टायरचा नाही, एक्सलचा दोष आहे.

भरलेल्या गाडीची ट्रायल

रिकामी गाडी सगळं छान दाखवते. विकणाऱ्याची पुढची भरलेली खेप कधी आहे विचारा आणि सोबत बसा, गाडी त्याच्याच ड्रायव्हरला चालवू द्या. बीडहून धाराशिवकडे जाणारी खेप असेल तर मांजरसुंब्याचा घाट आयताच मिळतो. चढावर फेऱ्या वाढतात आणि वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. तापमानाचा काटा चढत राहिला तर रेडिएटर, फॅन किंवा हेड. उतारावर एक्सलेटर सोडल्यावर गियर आपोआप सुटत असेल तर गियरबॉक्स उघडावा लागणार. मागून येणारी घुई एक्सलेटर देताना येते आणि सोडताना बदलते, तर क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या एक्सलमधले गियर. एक्झॉस्ट ब्रेक काम करतो का तेही तिथंच कळतं.

तीस-चाळीस किलोमीटरनंतर गाडी थांबली की थर्मामीटर घेऊन प्रत्येक हबला फिरा. एकाच एक्सलवर एक हब दुसऱ्यापेक्षा २०-२५ अंशांनी गरम असेल तर ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग जातंय. एखादा हब सगळ्यांपेक्षा थंड असेल तर त्या चाकाला ब्रेकच लागत नाही, आणि त्याचा भार बाकीचे ड्रम घेतायत.

टाकी फुल ते फुल ॲव्हरेज काढा. वर्षाला ६०,००० किलोमीटर चाललात तर लिटरला २.८ किलोमीटरऐवजी २.५ देणारी गाडी सुमारे २,५७० लिटर जास्त पिते. डिझेल ९० रुपये धरलं तरी ते २ लाख ३१ हजार होतात, दर वर्षी.

आकडेमोड

समजा मालक १६ लाख सांगतोय. तपासणीत निघालं ते असं मांडा: ८ टायर १.७६ लाख, क्लच ४५ हजार, ट्रेलरच्या तिन्ही एक्सलचे ब्रेक लायनर-ड्रम ६० हजार, किंग पिन २० हजार, दोन बॅटऱ्या ३० हजार. बेरीज ३.३१ लाख. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गॅरेजमधून लेखी घ्या. हा खर्च नक्की आहे, त्यामुळे तो किमतीतून वजा करूनच बोला.

याशिवाय जास्त किलोमीटरच्या इंजिनासाठी ओव्हरहॉलची रक्कम, ३ लाख तरी, बाजूला ठेवायची. ती विकणाऱ्याकडून मिळणार नाही, ती तुमच्या खात्यात असायला हवी. १६ लाखांपैकी १२ लाख कर्ज १६ टक्क्यांनी ३ वर्षांसाठी काढलं तर हप्ता महिन्याला सुमारे ४२,२०० येतो. इंजिन उघडलं की गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहते, आणि हप्ता त्या महिन्यातही जातो. म्हणून राखीव रकमेत ओव्हरहॉलसोबत तीन हप्तेही धरा, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आसपास. डाउन पेमेंट, नावावर करायचा खर्च, विमा आणि दुरुस्ती देऊन एवढे उरत नसतील तर ही गाडी आत्ता घेऊ नका. स्वस्तातला सहा चाकी ट्रक घ्या, किंवा एक हंगाम थांबा. बँकेचा हप्ता थकून गाडी ओढून नेली जाते त्या बहुतेक प्रकरणांत गाडी वाईट नसते, पहिल्या मोठ्या बिघाडाच्या दिवशी हातात पैसा नसतो.

पैसे देण्याच्या दिवशी

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, हे सगळं समोर ठेवून मगच मोठी रक्कम, तीही खात्यातून खात्यात. बोजा असलेल्या गाडीचे पैसे बँकेच्या कर्जखात्यात भरा, विकणाऱ्याच्या हातात देऊ नका. थोडी रक्कम आरसीवर तुमचं नाव चढेपर्यंत राखून ठेवायचं लेखी ठरवा. त्याच सकाळी ई-चलान परत एकदा तपासा, कारण तपासणीनंतरच्या खेपांचीही चलानं येतात.

गाडी घेतल्यापासून ३० दिवसांत आरटीओकडे अर्ज करा आणि १४ दिवसांत विमा तुमच्या नावावर करायला टाका. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे विम्याचा हप्ता त्याच्यापेक्षा जास्त येईल. परमिट आरसीबरोबर आपोआप येत नाही, त्याचा अर्ज वेगळा. फास्टॅग जुन्या मालकाने बंद करायचा, तुम्ही नवा घ्यायचा.

पहिली खेप लावण्याआधी इंजिन, गियरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल बदला. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप असला तर ठीक, दाताचे तुकडे असले तर मिस्त्रीला लगेच दाखवा. सगळे फिल्टर, पट्टे, होसेस बदला, कूलंट कंपनीच्या प्रमाणात भरा, सगळ्या हबचं ग्रीस नवं घाला. एक वही करा आणि त्या दिवशीचं मीटर व तास पहिल्या ओळीत लिहा. चाकं उघडली असतील तर पहिल्या ५०-१०० किलोमीटरवर नट परत आवळा, आणि यू बोल्ट पहिल्या भरलेल्या खेपेनंतर.